फोटो कुणासाठी काढायचा? : सुनील जाना यांचं काम



या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आजवर संतांवर बोललं गेलं, समाजसुधारकांवर, क्रांतिकारकांवर, एकदा क्रिकेटपटूवरही. छायाचित्रकार बहुधा पहिल्यांदाच येतोय. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी भीत भीत विचारलं, की लोकांना हे नाव माहीत असेल का? नसेल, हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर घेतलं. सुनील जाना हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, पण त्यांचं काम तुमच्यातल्या पुष्कळांच्या नजरेखालून गेलेलं आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दल कुठेही काही छापून आलं की सोबत फोटो असतात. बरगड्या मोजता येतील अशी मुलं, कलकत्त्याच्या फुटपाथवर आडवी झालेली कुटुंबं. त्यांतले बरेच जानांचे असतात. खाली नाव बहुधा नसतं.

मी आयुष्यभर वर्तमानपत्राची पानं लावली. कुठला फोटो घ्यायचा, किती कॉलमी घ्यायचा, कुठे कातरायचा, हा रोजचा धंदा. त्यामुळे कलादालनातली भाषा मला येत नाही. फोटो हातात आला की मला एवढंच सुचतं: हा कुणी काढला, कुणासाठी काढला, आणि ज्याच्यासाठी काढला त्याच्यापर्यंत पोचला का? जानांच्या कामाला हे प्रश्न लावले की माझ्या मते असं दिसतं. फोटो कुणासाठी काढतोय हे ज्या चार-पाच वर्षांत त्यांना पक्कं माहीत होतं, त्या वर्षांत ते थोर होते. पुढे समोरचा माणूस धूसर झाला, तेव्हा फोटो अधिक देखणे होत गेले आणि थोडे हलकेही झाले. हे मत पुष्कळांना पटत नाही. पण आज माईक माझ्याकडे आहे.

जानांचा जन्म १७ एप्रिल १९१८ चा, आसामातल्या दिब्रुगडचा. वाढले कलकत्त्यात. सेंट झेवियर्स आणि प्रेसिडेन्सी या तिथल्या नामांकित कॉलेजांत शिकले, इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करत होते. विद्यार्थी चळवळीत होते, डाव्या विचारांचे होते. कॅमेरा ही हौस. त्या काळी कलकत्त्यात अशी हौस असलेली सुखवस्तू घरातली मुलं पुष्कळ होती, आणि त्यांचे फोटोही एकसारखेच असायचे: नदी, होडी, संध्याकाळ. १९४३ साल आलं नसतं तर जाना बहुधा इंग्रजीचे प्राध्यापक झाले असते आणि होड्यांचे फोटो काढत राहिले असते.

त्या सालाकडे जरा सावकाश बघू. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. शत्रू बंगालच्या किनाऱ्यावर उतरला तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतला जादा तांदूळ उचलला आणि हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. ज्या मुलखात रस्त्याच्या जागी पाणी आहे, तिथे होडी गेली म्हणजे बाजार गेला, मासेमारी गेली, पलीकडच्या बेटावरचं शेतही गेलं. १६ ऑक्टोबरला मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ कोसळलं. लष्कराची खरेदी चालूच होती, नोटांचा सुळसुळाट झाला होता, व्यापारी माल दाबून बसले होते, आणि शेजारच्या प्रांतांनी धान्य बाहेर जायला बंदी केली होती. तांदूळ अजिबात नव्हता असं नाही. खेड्यातल्या मजुराला, कोळ्याला, नावाड्याला तो परवडत नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात हीच गोष्ट आकड्यांनिशी मांडली. सरकारी चौकशी आयोगाने मेलेल्यांची संख्या १५ लाखांच्या आसपास धरली. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

आणि सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला की दुष्काळ संहितेप्रमाणे कामं काढावी लागतात, अन्नछत्रं घालावी लागतात. कागदावर बंगालमध्ये टंचाई होती. अशा वेळी फोटो हा पुरावा होतो. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, म्हणजे इंग्रज मालकीच्या दैनिकाने, २२ ऑगस्ट १९४३ ला भुकेने मरणाऱ्या माणसांचे फोटो छापले आणि दिल्ली-लंडनला न पाहिल्यासारखं करणं अवघड झालं. त्याचं श्रेय संपादक इयन स्टीफन्स यांना द्यायलाच हवं. पण ते फोटो इंग्रजी वाचणाऱ्या साहेबाच्या टेबलावर गेले. जानांचे फोटो दुसऱ्या वाटेने गेले, आणि ती वाट आपल्या मुंबईतल्या खेतवाडीतून जाते.

कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस तेव्हा पूरणचंद जोशी होते. मूळचे अल्मोड्याचे, मीरत खटल्यात तुरुंग भोगलेले, वय पस्तिशीच्या पुढे नुकतंच गेलेलं. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असतील, पण एक गुण त्यांच्यात असा होता की तो त्या काळच्या कुठल्याच पुढाऱ्यात मला दिसत नाही. गुणी माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा, आणि त्याच्या हातातलं हत्यार काय आहे हेही कळायचं. त्यांनी जानांचे फोटो पाहिले, अभ्यास सोडून आपल्याबरोबर चल म्हणाले, आणि पंचविशीचा हा मुलगा निघाला. सोबत चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य. हे तिघे दुष्काळी बंगालमध्ये फिरले. जोशी लिहीत होते, चित्तप्रसाद काळ्या शाईत रेखाटत होते, जाना फोटो काढत होते. एकाच गावात, एकाच माणसासमोर तिघे उभे आहेत आणि तिघे तीन तऱ्हेने नोंद घेत आहेत, असं पत्रकारितेत फार क्वचित घडलं असेल.

हे सगळं छापलं जायचं मुंबईत. सँडहर्स्ट रोडवरचं राजभुवन हे पक्षाचं कार्यालय आणि कम्यून. माणसं तिथेच राहत, तिथेच जेवत, तिथेच भांडत. जाना मुंबईला आले ते इथे. ‘पीपल्स वॉर’ हे पक्षाचं इंग्रजी साप्ताहिक छापलं जायचं न्यू एज प्रिंटिंग प्रेसमध्ये, खेतवाडी मेन रोडवर. मराठीत ‘लोकयुद्ध’ निघायचं.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय जानांचे फोटो नीट कळत नाहीत. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे ब्लॉक करावा लागे. एका जाळीतून मूळ फोटोची पुन्हा प्रतिमा घ्यायची, म्हणजे छटांचे ठिपके होतात. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, आणि मग तो लाकडी ठोकळ्यावर ठोकून मजकुराच्या खिळ्यांशेजारी बसवायचा. आर्ट पेपर असेल तर बारीक जाळी चालते. वर्तमानपत्राच्या कागदाला जाड जाळी लागते, आणि युद्धकाळातला कागद तर शाई पिऊन टाकणारा. मधल्या सगळ्या राखाडी छटा त्यात मरतात. उरतो तो काळा आणि पांढरा.

हे मनात ठेवून जानांचे चाळीसच्या दशकातले फोटो पाहा. कॅमेरा खाली धरलेला, मागे बरंचसं मोकळं आभाळ, आणि त्यावर माणसाची आकृती स्पष्ट कोरल्यासारखी. पार्श्वभूमीत गर्दी नाही, घोळ नाही. अभ्यासक म्हणतात ही सोव्हिएत छायाचित्रकारांची छाप. असेलही. मला मात्र त्यात खेतवाडीतल्या छापखान्याचाही हात दिसतो. आपला फोटो कुठल्या कागदावर, कुठल्या मशीनवर, कुणाच्या हातात पडणार आहे हे ज्याला माहीत असतं, तो शटर दाबतानाच निम्मं काम करून ठेवतो. गिरणीतून सुटलेला माणूस दिव्याखाली पेपर उघडणार आहे, कदाचित त्याला इंग्रजी येत नाही, कदाचित वाचताच येत नाही. त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. दुष्काळाच्या फोटोंमध्ये तर जाना कॅमेरा वाकडातिकडाही करत नाहीत. कांजीसाठी थांबलेली मुलं समोर आहेत, ती तुमच्याकडे पाहताहेत. बस्स.

फोटो तिथेच थांबले नाहीत. त्यांची पोस्टकार्डं छापली गेली, ती देशात आणि परदेशात विकून मदतीसाठी पैसे उभे केले गेले. जोशींनी ‘हू लिव्ह्ज इफ बेंगाल डाइज’ या नावाची पुस्तिका लिहिली. चित्तप्रसादांची ‘हंग्री बेंगाल’ निघाली, ती सरकारने जप्त करून जाळली. बंगालहून कलापथकं मुंबईला आली. आणि आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. परळ-लालबागच्या कामगारापर्यंत बंगालची भूक पोचली ती अशी डफावर, आणि सोबत त्या जाड जाळीतल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंतून. त्या कामगाराची स्वतःची मुळं कोकणात नाहीतर घाटावर, आणि दुष्काळ त्याला सांगावा लागत नव्हता. दोन हजार किलोमीटर लांबचा माणूस आपला आहे, हे सांगावं लागत होतं. एवढंच काम त्या फोटोंकडून अपेक्षित होतं, आणि ते त्यांनी केलं.

आता एक अडचणीची गोष्ट. पक्षावरची बंदी १९४२ च्या जुलैत उठली होती, कारण रशियावर हल्ला झाल्यावर पक्ष हे युद्ध जनतेचं म्हणू लागला होता. पुढे ‘भारत छोडो’पासूनही तो लांब राहिला. त्यामुळे दुष्काळाबद्दल लिहिताना पक्षाच्या पत्रांचा रोख साठेबाजांवर आणि नोकरशाहीच्या ढिलाईवर जास्त असायचा. युद्धासाठी सरकारने जे केलं, होड्या मोडल्या, तांदूळ उचलला, त्यावर आवाज तितका चढत नसे. मजकूर वाचला की पक्षाची भूमिका दिसते. फोटोत ती नाही. फोटोतल्या बाईला साठेबाजाने मारलं की सरकारने, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नाही. म्हणून मजकूर आज शिळा वाटतो आणि फोटो वाटत नाही. जानांची पक्षनिष्ठा खोटी होती असं मला म्हणायचं नाही, ती चांगली कडवी होती. पण कॅमेऱ्याला ओळी पढवता येत नाहीत, एवढी सोय त्यात आहे.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. मरणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा का? १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने भुकेलेल्यांचे फोटो काढले. नुसते हाडांचे सापळे उरलेली माणसं रांगेत बसवून, उभी करून, व्यवस्थित मांडणी करून काढलेले. ते पाहवत नाहीत, आणि कारण केवळ भूक हे नाही. त्या माणसांना बसायला सांगितलंय, हे दिसतं. हूपरवर तेव्हाही टीका झाली. याच दुष्काळात आपल्याकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावचे वृत्तांत गोळा करून सरकारपुढे ठेवले. तिथे कॅमेरा नव्हता, पण कुणासाठी आणि कशासाठी लिहायचं, हे सार्वजनिक काकांच्या मंडळींना स्वच्छ माहीत होतं. मला जाना हूपरच्या रांगेत बसवता येत नाहीत, सार्वजनिक सभेच्या रांगेत बसवता येतात.

त्यांना स्वतःला हे सोपं गेलं असं समजू नका. त्या माणसांसमोर कॅमेरा धरणं असह्य व्हायचं, पण फोटो पोचले तर मदत पोचेल या भरवशावर काढत राहिलो, अशा अर्थाचं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. काही जण या वाक्याला पळवाट म्हणतील. मी म्हणत नाही, कारण इथे भरवसा पोकळ नव्हता. फोटो छापणारं साप्ताहिक होतं, पोस्टकार्ड विकणारी माणसं होती, मदतीची केंद्रं चालवणारे कार्यकर्ते होते. ही साखळी पाठीशी नसेल तर तोच फोटो चोरी ठरतो. आज अपघाताच्या जागी मोबाईल उंचावणाऱ्यांचं काय चुकतं, ते मला नेमकं इथे दिसतं. फोटो काढणं हा गुन्हा नाही. तो कुठे जाणार आहे, हे त्यांना माहीत नसतं.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आल्या. त्यांचा एक फोटो सगळ्यांना माहीत आहे: चरख्याआड बसून वाचत असलेले गांधीजी. तो १९४६ चा, आपल्या पुण्याचा, डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रातला. आधी सूत कातायला शिका, मग फोटो काढा, अशी अट त्यांना घातली गेली होती. जाना आणि बर्क-व्हाइट यांची दोस्ती झाली. दोघे मिळून दक्षिणेतल्या दुष्काळी भागात फिरले. म्हणजे तीच गावं, तीच माणसं आणि शेजारी शेजारी उभे दोन कॅमेरे. बर्क-व्हाइट तंत्रात जानांहून कितीतरी पुढे होत्या, फ्लॅशचे दिवे, लवाजमा, मागे एक बलाढ्य साप्ताहिक. त्यांचे फोटो पाहताना आपण एका भयंकर, भव्य देशाकडे बघतोय असं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते शिकागोतल्या वाचकासाठी काढलेले आहेत. जानांच्या फोटोत भारत हा परका देश नाही, तिथे शेजारी राहतात. एका पिढीने बर्क-व्हाइटकडून भारत पाहिला आणि जानांना विसरली, हे त्या साप्ताहिकाच्या खपाचं यश आहे, नजरेचं नव्हे.

१९४८ मध्ये पक्षाच्या कलकत्ता अधिवेशनात जोशी बाजूला झाले आणि सरचिटणीसपद आपल्या भालचंद्र त्र्यंबक रणदिव्यांकडे गेलं. सशस्त्र उठावाची भाषा सुरू झाली. जोशींच्या माणसांना तिथे जागा उरली नाही. चित्तप्रसाद अंधेरीत राहिले, पक्षापासून तुटले, लाकडी ठशांची चित्रं करत राहिले, आणि १९७८ मध्ये गेले. जानांचंही नातं सुटलं. ते कलकत्त्याला परतले होते, तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त वगैरे मंडळींनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांत जानाही होते. १९४९ मध्ये सिग्नेट प्रेसने त्यांच्या फोटोंचं ‘द सेकंड क्रीचर’ हे पुस्तक काढलं, त्याची सजावट राय यांची. पुस्तक सुरेख आहे. आणि इथेच फोटोंचा वाचक बदलला. साप्ताहिक मुठीत दुमडून नेता येतं, हे पुस्तक दिवाणखान्यात उघडायचं.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो. पोट भरायला उद्योगांची कामं केली, पोलाद कारखाने, कोळशाच्या खाणी, धरणं. नव्या भारताची छाती फुगवणारे फोटो. शांता राव, इंद्राणी रहमान अशा नर्तकींचे फोटो काढले, ते त्यांच्या हातून अप्रतिम झाले. शांता राव यांच्यावरचं ‘डान्सेस ऑफ द गोल्डन हॉल’ हे पुस्तक १९७९ चं. गांधी, नेहरू, जिना, शेख अब्दुल्ला, सगळे त्यांच्या निगेटिव्हमध्ये आहेत.

आदिवासींच्या फोटोंवर मात्र थांबायला हवं, कारण जानांचे चाहते त्यांनाच सर्वांत मोठं मानतात. व्हेरिअर एल्विन हे त्यांचे स्नेही. एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात, आणि पुढे मिशन सोडून मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये जाऊन राहिले. जाना त्यांच्याबरोबर फिरले, आणि एकटेही फिरले. संथाळ, गोंड, मुरिया, ईशान्येतल्या जमाती. हे काम पुढे १९९३ मध्ये ‘द ट्रायबल्स ऑफ इंडिया’ या मोठ्या पुस्तकात आलं. त्यात माणसं सुंदर आहेत, ताठ आहेत, हसताहेत. केसात फुलं आहेत, गळ्यात माळा आहेत, छाती उघडी आहे. शहरी मनाला आदिवासी म्हणजे मागासलेला, दयनीय असं वाटायचं, त्या काळात हे फोटो आले, हे विसरून चालणार नाही. जानांनी त्यांची कीव केली नाही. पण मी स्वतःला विचारतो, हे फोटो कुणासाठी? त्या मुरिया मुलीच्या हाती हे पुस्तक पडणार होतं का? दुष्काळातल्या बाईच्याही हाती ‘पीपल्स वॉर’ पडणार नव्हतं, हे मान्य. फरक असा, की तिच्या फोटोने तिच्यासाठी कुणीतरी काहीतरी करावं अशी मागणी केली होती. इथे मागणी नाही, कौतुक आहे. आणि जाना हे फोटो काढत होते त्याच वर्षांत दामोदर खोऱ्यातल्या धरणांखाली संथाळांची गावं बुडत होती. एका बाजूला धरणाच्या भिंती, दुसऱ्या बाजूला नाचणारे संथाळ, हे दोन्ही फोटो त्या काळात देशभर छापले गेले, वेगवेगळ्या पानांवर. ती पानं शेजारी लावायचं काम संपादकांचं होतं, त्यांनी केलं नाही. फोटोग्राफरवर सगळा दोष टाकणं बरं नव्हे, पण चाळीसच्या दशकातल्या जानांना ते सांगावं लागलं नसतं, असं मला वाटतं.

पत्नी शोभा डॉक्टर होत्या. पुढे दोघे लंडनला गेले आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला. नजर फार अधू झाली होती. पेट्या भरून निगेटिव्ह सोबत होत्या. देशात दोन पिढ्या अशा वाढल्या की फोटो ओळखीचे, माणूस अनोळखी. १९९८ मध्ये छायाचित्रकार राम रहमान यांनी न्यूयॉर्कमध्ये जानांचं मोठं प्रदर्शन भरवलं. राम हे इंद्राणी रहमान यांचे चिरंजीव, म्हणजे जानांच्या कॅमेऱ्यासमोर नाचलेल्या आईचा मुलगा. तेव्हा जाना ऐंशीचे होते. त्यानंतर लोक पुन्हा नाव घेऊ लागले.

सरकारी विसरभोळेपणाचा एक नमुना ऐका. सत्तरच्या दशकात जानांना पद्मश्री मिळाली होती. २०१२ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा पद्मश्रीच जाहीर केली. कुणीतरी चूक दाखवून दिल्यावर ती पद्मभूषण झाली. त्याच वर्षी मे महिन्यात शोभा गेल्या, आणि २१ जूनला बर्कलीत जाना गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. आपल्या कामाबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेलं ‘फोटोग्राफिंग इंडिया’ हे पुस्तक पुढच्या वर्षी आलं. ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

आता आपल्या गावाबद्दल दोन शब्द आणि मी थांबतो. बंगालचा दुष्काळ आपण जानांमुळे पाहू शकतो. आपला १९७२ चा दुष्काळ कुणामुळे पाहणार? दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, कोरड्या विहिरीत उतरलेल्या बाया, हे फोटो काढले गेले होते. जिल्हा दैनिकांना फोटो पुरवणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी काढले, तालुक्याच्या वार्ताहरांनी काढले. त्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? मला दोन-चार आठवतात, आणि मी याच धंद्यात होतो. दैनिकांनी जागा बदलल्या तेव्हा ब्लॉक भंगारात गेले, हे मी पाहिलेलं आहे. स्टुडिओ बंद पडले, मुलांनी मोबाईलची दुकानं टाकली, निगेटिव्हची खोकी माळ्यावर गेली. त्या खोक्यांतून आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल तर फिल्म कुजायला लागली आहे, आणि तिला फार वर्षं उरलेली नाहीत.

म्हणून माझी विनंती साधी आहे, आणि ती या वाचनालयालाच आहे. ग्रंथांना आपण कपाटं देतो, त्यांतलं एक फोटोंसाठी द्या. कोरड्या भिंतीकडचं द्या, संडासाच्या भिंतीकडचं नको. गावातल्या जुन्या फोटोग्राफरांच्या घरी जा, ते हयात असतील तर आधी त्यांच्याशी बोला, कारण कुठला फोटो कुठला हे तेच सांगू शकतात. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदी पाकिटात ठेवा. आंबूस वास येणारी फिल्म बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. आणि तुमच्या घरातला प्रत्येक जुना फोटो उलटा करून त्यावर माणसाचं नाव, गाव, साल आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा. मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. शाईच्या पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.